हरसूलचं इंजिन, नाशिकचा बोअर

दिवाळीच्या आगेमागे नाशिकच्या द्राक्षबागांत गोडी छाटणी जोरात असते. छाटलेल्या काडीवरच्या डोळ्यांना पेस्ट लावायची, मग विरळणी, डिपिंग आणि शेवटी काढणी. बागायतदाराला पुढचे काही महिने सतत माणसं लागतात. ही माणसं हरसूल, पेठ, सुरगाणा, मोखाडा या बाजूच्या पाड्यांवरून येतात. गिरणाऱ्याच्या मजूर बाजारात सकाळी उभं राहिलं, की ती कशातून उतरतात तेही दिसतं: पिकअप, जुनी कमांडर नाहीतर मार्शल, मागून दबलेली बोलेरो. नव्याकोऱ्या गाड्या थोड्या. उरलेल्यांपैकी बऱ्याच जणींचं इंजिन एकदा तरी खोललेलं असतं.

हरसूल त्र्यंबकेश्वर तालुक्यात आहे. एका अंगाला पालघर, दुसऱ्या अंगाला गुजरात. नाशिकहून गिरणारेमार्गे यायचं तर मध्ये वाघेऱ्याचा घाट. क्षमतेपेक्षा जास्त भरलेली गाडी हा घाट खालच्या गिअरमध्ये चढते, तेव्हा डिझेल जास्त जळतं, पिस्टनचा माथा तापतो, तेल पातळ होतं आणि समोरून येणारा वारा मात्र कमी असतो. त्यात उन्हाळ्यातली पाड्यांकडच्या रस्त्यांची धूळ. एअर फिल्टर वेळेवर साफ केला नाही, तर ती धूळ थेट सिलिंडरमध्ये जाऊन पिस्टनच्या रिंगा आणि बोअर, म्हणजे सिलिंडरची आतली भिंत, घासते. मैदानी रस्त्यावर वर्षानुवर्षं चालणारं इंजिन इथे लवकर थकतं, याचं गूढ काही नाही.

थकलेल्या इंजिनाचं काम कधी काढायचं, हे द्राक्षाचं वेळापत्रक ठरवतं. ऑक्टोबर ते मार्च गाडी उभी राहिली तर रोजची फेरी दुसऱ्याकडे जाते आणि ठरलेली टोळीही त्याच्याकडे वळते. म्हणून इंजिन निघतं ते पावसाळ्यात, भाताची लावणी उरकली आणि मजूर आपापल्या शेतात असले की. अडचण अशी, की नेमक्या त्याच दिवसांत इथल्या हवेत उघडं लोखंड टिकत नाही. नाशिकहून चकचकीत होऊन आलेला बोअर तेल न लावता रात्रभर ठेवला, तर सकाळी त्यावर तांबूस गंजाचा थर दिसतो. मोकळा वेळ आणि कोरडी हवा इथे एकत्र मिळत नाहीत, आणि घरी इंजिन बांधणाऱ्याला या दोहोंतून वाट काढावी लागते.

खोलायच्या आधी

‘इंजिन बसलं’ हा निकाल गावात फार लवकर लागतो. निळा धूर म्हणजे तेल जळतंय, काळा म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी, पांढरा म्हणजे डिझेल न जळता बाहेर येतंय नाहीतर पाणी आत शिरतंय. एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. पण काळ्या धुराचं कारण तुंबलेला एअर फिल्टर किंवा खराब नोझलही असू शकतं. त्यासाठी इंजिन खोलणं म्हणजे भलत्याच जागी पैसा घालणं. खरा पुरावा ब्रीदरच्या नळीत असतो. इंजिन चालू ठेवून तेलाचं झाकण काढलं आणि आतून धूर भसाभसा बाहेर आला, मिस्त्रींच्या भाषेत ‘बॅक कॉम्प्रेशन’ मारायला लागलं, की रिंगांशेजारून वायू खाली येतोय हे कळतं. त्याच्या जोडीला चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन गेजवर पाहावं. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा दाबून तापवायची आणि त्या उष्णतेवर इंधन पेटवायचं, हाच १८९२ साली पेटंट झालेल्या रुडॉल्फ डिझेलच्या कल्पनेचा गाभा. दाब गेला की थंड सकाळी गाडी चालू होण्याचं नाव घेत नाही. हरसूलमध्ये अशा गाड्या रात्री उतारावर लावून ठेवतात, ते याचसाठी.

दाब कमी आहे एवढ्यानंही ब्लॉक दोषी ठरत नाही. प्लग किंवा इंजेक्टरच्या भोकातून चमचाभर तेल सोडून पुन्हा मोजायचं. दाब वाढला तर गळती रिंगांकडे आहे. वाढला नाही तर व्हॉल्व्ह किंवा हेड गास्केटकडे, आणि मग नुसतं हेड उतरवून भागू शकतं. डिझेलमध्ये हे जपून करावं लागतं. वरची जागा इतकी थोडी असते, की तेल जास्त पडलं तर पिस्टन त्यावर आदळून कनेक्टिंग रॉड वाकतो.

इगतपुरी, सातपूर, सातारा

हरसूलच्या अंगणात उतरवलेलं इंजिन बऱ्याचदा नाशिक जिल्ह्याचंच लेकरू असतं. महिंद्रानं फ्रान्सच्या पेजोकडून परवाना घेऊन एक्सडीपी मालिकेची डिझेल इंजिनं इगतपुरीच्या कारखान्यात बनवली. ९० मिमी बोअर, ८३ मिमी स्ट्रोक, चार सिलिंडर, २११२ सीसी. हेच इंजिन एमएम ५४० जीपमध्ये बसलं. दुसरं घराणं ट्रॅक्टरचं. १९६३ साली महिंद्रा, इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टास यांनी मिळून ट्रॅक्टर कंपनी काढली. त्या ट्रॅक्टरच्या इंजिनाच्या वंशातलं २५२३ सीसीचं डीआय इंजिन पुढे जीपांत आणि २००० साली आलेल्या बोलेरोत गेलं. त्याचा बोअर ८८.९ मिमी आणि स्ट्रोक १०१.६ मिमी. हे आकडे विचित्र वाटतात, पण ते सरळ साडेतीन आणि चार इंच आहेत. इंजेक्टर आणि नोझल सातपूरच्या मायकोत, म्हणजे आताच्या बॉशमध्ये बनतात. सिलिंडर लायनर बनवणारी कूपर कंपनी साताऱ्याची, आणि तिनं स्वातंत्र्याच्या आधीच डिझेल इंजिनं बाजारात आणली होती.

ही वंशावळ सांगण्याला कारण आहे. कोणत्या घराण्याचं इंजिन आहे यावर मशीन शॉपची गरज किती, हे ठरतं. पेजोच्या त्या इंजिनात वेट लायनर असतो. लायनरच्या बाहेरून पाणी थेट फिरतं आणि तो ब्लॉकमध्ये नुसता बसवलेला असतो. झिजला की जुना काढायचा आणि पिस्टनसकट कारखान्यातून तयार होऊन आलेला नवा बसवायचा. बोअरिंग मशीनची गरजच पडत नाही. फक्त लायनरची कड ब्लॉकच्या पातळीपेक्षा पुस्तकात सांगितली तेवढी वर राहिली पाहिजे. कमी राहिली तर गास्केट दाब धरत नाही आणि पाणी तेलात उतरतं. उलट, ब्लॉकमध्येच बोअर असेल किंवा पातळ ड्राय लायनर दाबून बसवलेला असेल, तर तो कापायला, होन करायला, म्हणजे दगडानं घासून शेवटच्या मापाला न्यायला, शहर गाठावंच लागतं. जीप कुठली आहे हे सांगणाऱ्यापेक्षा लायनर कुठला आहे हे सांगणारा मिस्त्री जास्त उपयोगाचा.

अंगणात काय जमतं

इंजिन बाहेर काढायला लोखंडी पाइपांचं तिकाटणं आणि चेन ब्लॉक लागतो. काही जण आंब्याच्या फांदीवर भरवसा ठेवतात, पण पावसात भिजलेल्या फांदीखाली हात घालू नये. पुढचं काम संयमाचं आहे. मेन बेअरिंगच्या कॅप ब्लॉकला बोल्ट करून एकत्रच बोअर केलेल्या असतात, म्हणून एकीची जागा दुसरीला चालत नाही, आणि उलटीही चालत नाही. कनेक्टिंग रॉडच्या कॅपचंही तसंच. खोलायच्या आधी पंचनं ठिपके मारून त्यांना क्रमांक द्यायचे. पुश रॉड आणि व्हॉल्व्ह पुठ्ठ्याला भोकं पाडून क्रमानं खोचून ठेवायचे. टायमिंग गिअरच्या खुणा जुळलेल्या असतानाचा फोटो मोबाइलमध्ये घ्यायचा. पूर्वी हे सगळं उस्तादाच्या डोक्यात असायचं आणि उस्ताद मध्येच गावाला गेला तर इंजिन महिनाभर पडून राहायचं.

सफाई, खोलणं, तपासणी, व्हॉल्व्ह लॅपिंग, रिंगांची गॅप, जोडणी, टायमिंग: एवढं सगळं घरी होतं. घरी होत नाही ती तीन-चार कामं. बोअर कापून होन करणं, क्रँक घासणं, हेड आणि ब्लॉकचा माथा सपाट करणं, व्हॉल्व्ह सीट नव्यानं कापणं. ही कामं मिलिमीटरच्या शंभराव्या भागात चालतात. माणसाच्या केसाची जाडी साधारण ०.०७ मिमी धरली, तर पिस्टन आणि बोअरमधली मोकळी जागा तिच्याच आसपास असते. थोडी कमी झाली तर पिस्टन तापून धरतो. जास्त झाली तर थंड इंजिन खडखडतं आणि तेल पितं. हरसूलहून नाशिकला ब्लॉक नेणारा माणूस खरं तर हा शंभरावा भाग विकत घ्यायला जातो.

तो विकत घ्यायचा तर आधी ओळखता आला पाहिजे. माझं म्हणणं एवढंच आहे. इंजिन घरी बांधणाऱ्याचं पहिलं हत्यार पाना नाही, मोजमाप आहे. ज्याच्या हातात आकडा असतो, त्याच्याशी दुकानदार वेगळ्या भाषेत बोलतो.

फीलर गेज पुरतो

बोअर सारखा झिजत नाही. वरची रिंग जिथे थांबून परत फिरते, तिथे सर्वात जास्त दाब आणि सर्वात कमी तेल असतं. तिथली झीज मोठी, खाली जावं तशी कमी. शिवाय क्रँक फिरताना पिस्टन एका बाजूवर जास्त रेलतो, म्हणून गोल बोअर किंचित लंबगोल होतो. पहिल्या दोषाला टेपर म्हणायचं, दुसऱ्याला ओव्हॅलिटी. नीट मोजायचं तर डायलचा बोअर गेज हवा. वर, मध्ये आणि खाली, प्रत्येक जागी क्रँकच्या दिशेनं आणि आडव्या दिशेनं. एका बोअरची सहा मापं, चार बोअरची चोवीस.

बोअर गेज नसेल तर अंगणातही एक हिशेब करता येतो. एक रिंग बोअरमध्ये घालायची, पिस्टन उलटा धरून तिला सरळ ढकलायची आणि तोंडाची गॅप फीलर गेजनं मोजायची. तीच रिंग जिथे झीज नाही अशा तळाच्या भागात नेऊन पुन्हा मोजायची. परिघ हा व्यासाच्या ३.१४ पट असतो. म्हणून दोन्ही गॅपमधल्या फरकाला ३.१४ नं भागलं की व्यासातला फरक मिळतो. समजा खाली ०.४० मिमी आणि वर ०.८५ मिमी गॅप आली. फरक ०.४५, भागाकार सुमारे ०.१४ मिमी. बऱ्याच इंजिनांत एवढ्या झिजेवर नुसत्या रिंगा टाकणं म्हणजे आज ना उद्या पुन्हा खोलणं. ओव्हॅलिटी या युक्तीनं कळत नाही, आणि इंजिनाच्या पुस्तकातली मर्यादा हाच शेवटचा निकाल. तरीही ‘रिंगा टाकून बघू’ आणि ‘फुल इंजिन करावं लागेल’ या दोन सल्ल्यांमध्ये सापडलेल्या गाडीवाल्याला शाळेतल्या गणितानं उत्तर मिळतं.

क्रँकचं तसं नाही. त्याच्या जर्नलवर, म्हणजे बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या गोल भागावर, नख फिरवून ओरखडा जाणवतो, पण लंबगोलपणा जाणवत नाही. त्याला मायक्रोमीटरच हवा, आणि तोही प्रत्येक जर्नलवर दोन दिशांनी आणि दोन टोकांना. हेडचा माथा मात्र घरी तपासता येतो. सरळ धारेची खात्रीची पट्टी आडवी, उभी आणि कर्णावर ठेवून खालून फीलर गेजचं पातळ पान जातं का, ते पाहायचं.

आधी यंत्र, मग इंजिन

जेम्स वॅटनं वाफेच्या इंजिनातल्या वेगळ्या कंडेन्सरचं पेटंट १७६९ मध्ये घेतलं. कल्पना बरोबर होती, पण पिस्टनला घट्ट बसेल असा मोठा गोल सिलिंडर कुणाला कोरता येत नव्हता. १७७४ मध्ये जॉन विल्किन्सन या लोखंडाच्या कारखानदारानं तोफांच्या नळ्या कोरण्याच्या नव्या पद्धतीचं पेटंट घेतलं आणि लगेच पुढे सिलिंडर कोरण्याचं यंत्र उभं केलं. त्याची युक्ती साधी होती. कापणारा दांडा सिलिंडरमधून आरपार जाई आणि त्याला दोन्ही टोकांना आधार असे, त्यामुळे तो लवत नसे. वॅटचं इंजिन १७७६ मध्ये प्रत्यक्ष कामाला लागलं ते या बोअरिंगच्या जोरावर.

अडीचशे वर्षांनी नाशिकच्या दुकानात नेमका तोच प्रश्न विचारायचा आहे: कापणारा दांडा कशावर टेकलाय? जुन्या पद्धतीची छोटी बोअरिंग बार ब्लॉकच्या माथ्यावर बसवतात. माथा तिरका किंवा खडबडीत असेल तर बोअरही तिरका जातो. तो गोल असतो, मापाचाही असतो, पण क्रँकला काटकोनात नसतो. अशा इंजिनात पिस्टनवरचा झिजेचा डाग कोपऱ्याकडे सरकलेला दिसतो आणि कारण कुणाला सापडत नाही. म्हणून चांगला कारागीर आधी माथा तपासतो, गरज असेल तर तो सपाट करतो, किंवा मेन बेअरिंगच्या रेषेवरून ब्लॉक बांधतो. हा प्रश्न विचारल्यावर समोरचा वैतागला तर दुसरं दुकान पाहावं. खूश झाला तर बसायला खुर्ची मागावी.

सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतींत मिलिमीटरच्या हजाराव्या भागात रोज काम करणारी यंत्रं आहेत, मग आपलाही ब्लॉक तिथेच द्यावा, असं काहींना वाटतं. ती यंत्रं एकाच भागाचे हजारो नग काढण्यासाठी बांधलेली आहेत. तुमचा एक जुना, झिजलेला, गंजलेला ब्लॉक बांधून सरळ करायला त्यांना वेळ नाही. इंजिन रिकंडिशनिंग हा वेगळा धंदा आहे. त्यात प्रत्येक नग वेगळा येतो आणि त्याचा आजार आधी ओळखावा लागतो.

दुकानाच्या दारात

मशीन शॉप निवडताना गावचा मिस्त्री सांगेल तिथे जाण्याची पद्धत आहे. मिस्त्रीचा अनुभव मोलाचाच असतो, पण काही ठिकाणी त्याला दुकानाकडून कमिशन मिळतं, हेही सगळ्यांना माहीत असतं. म्हणून दुकानाची पारख गाडीवाल्यानं स्वतः करावी. ती करायला बोअरिंगचं शिक्षण लागत नाही. थोडा वेळ कोपऱ्यात उभं राहिलं की पुरतं.

पहिली खूण म्हणजे दुकानदार पिस्टन मागतो का. ‘बोअर टाकून ठेवतो, पिस्टन सवडीनं आणा’ असं म्हणणाऱ्याकडे ब्लॉक ठेवू नये. खोक्यावर ०.५० ओव्हरसाइज लिहिलं म्हणून चारही पिस्टन नेमके तेवढेच असतील असं नाही. प्रत्येक पिस्टन स्कर्टवर सांगितलेल्या जागी मायक्रोमीटरनं मोजून, त्यात कंपनीनं दिलेली मोकळी जागा मिळवून, त्याच क्रमांकाचा बोअर त्या मापाला नेतात. क्रँकच्या बाबतीत घाई उलटी नडते. घासून कितीवर येणार हे कळल्याशिवाय बेअरिंग घेऊ नये. दुकानात हे आकडे थाऊत, म्हणजे इंचाच्या हजारांशात बोलले जातात. दहा, वीस, तीस, चाळीस. वीसला साफ होईल म्हणून बेअरिंग आणली आणि एक जर्नल तीसला गेला, तर सगळा संच परत.

दुसरी खूण तपमानाची. नुकताच कापलेला ब्लॉक गरम असतो. बिडाचं लोखंड दर अंशाला लांबीच्या लाखात सुमारे १.१ भाग वाढतं. ८८.९ मिमीचा बोअर २० अंशांनी जास्त गरम असेल, तर तो सुमारे ०.०२ मिमी मोठा मोजला जातो. ॲल्युमिनियमचा पिस्टन तर त्याच्या जवळपास दुप्पट फुगतो. आता ब्लॉक गरम आणि पिस्टन थंड अशी जोडी मोजली, तर थंड झाल्यावर मोकळी जागा तेवढीच कमी भरणार. जगभरच्या मोजमापासाठी २० अंश सेल्सिअस हे प्रमाण १९३१ साली ठरलं. आपल्याकडच्या दुकानात वातानुकूलन नसतं, पण दोन्ही वस्तू रात्रभर शेजारी ठेवून सकाळी शेवटचा होन मारणारा कारागीर तोच नियम पाळत असतो.

तिसरी खूण होनिंगची. बोअरच्या भिंतीवर तिरक्या रेघांची जाळी हवी. आरशासारखा गुळगुळीत बोअर दिसायला देखणा, पण त्यावर तेल टिकत नाही आणि रिंगा बसत नाहीत. होन मशीनवर तेलाची धार सोडून होतंय, की हाताच्या ड्रिलला दगड लावून, हे डोळ्यांनी दिसतं. क्रँकच्या बाबतीत जर्नल जिथे बाजूच्या पाखीला मिळतो तो कोपरा पाहावा. तिथे गोलाई हवी. घासणाऱ्यानं तिथे काटकोनी धार सोडली, तर ताण तिथेच साठतो आणि भरलेल्या गाडीचा क्रँक एखाद दिवशी घाटातच तुटतो. घासण्याआधी क्रँक वाकलेला नाही ना, त्यात बारीक तडा नाही ना, हे तपासलं का, तेही विचारावं. हेडला फेसिंग करण्याआधी हवेच्या दाबानं किंवा पाण्यात बुडवून तड्याची चाचणी व्हायला हवी. तडकलेलं हेड सपाट करणं म्हणजे मजुरी पाण्यात.

चौथी खूण कागदाची, आणि माझ्या मते सगळ्यात मोठी. काम द्यायच्या आधीची मापं आणि काम झाल्यावरची मापं दुकान लिहून देतं का? ब्लॉकवर खडूनं गिऱ्हाइकाचं नाव असतं का? मापाचं प्रमाण गेज म्हणजे मास्टर दुकानात आहे का, आणि मायक्रोमीटर त्याच्यावर तपासून मगच वापरतात का? पाड्यावरून आलेल्या गिऱ्हाइकाला शहरातल्या काउंटरवर बऱ्याचदा एकच उत्तर मिळतं: काम ओके आहे, घेऊन जा. तीन महिन्यांनी इंजिनानं तेल प्यायला सुरुवात केली, की दोष ड्रायव्हरचा, तेलाचा नाहीतर मिस्त्रीचा ठरतो. कागदावर सही-शिक्क्यानिशी ‘बोअर नं. ३, वर ८९.४७, खाली ८९.४६’ असं लिहिलेलं असेल, तर वाद आकड्यांचा होतो. त्यात गिऱ्हाईक कुठल्या गावाहून आलं, ही गोष्ट मागे पडते.

एक कायद्याची गोष्टही इथेच. बोअर टाकल्यानं इंजिनाचा क्रमांक बदलत नाही. पण ब्लॉक तडकला म्हणून भंगार बाजारातून दुसरा आणला, तर क्रमांकही दुसरा येतो. एमएच १५ च्या आरटीओ कार्यालयात त्याची नोंद करावी लागते. ती टाळली तर फिटनेसच्या तपासणीला किंवा अपघातानंतर विम्याच्या दाव्यात गाडी अडकते. असा ब्लॉक घेताना पावती आणि मूळ मालकाचे कागद घ्यावेतच.

परतीचा प्रवास

क्रँक आडवा, मधोमध अधांतरी ठेवून खड्ड्यांतून आणू नये. उभा बांधावा किंवा पूर्ण लांबीला गोणपाटाचा आधार द्यावा. ब्लॉकच्या कापलेल्या भागांना दुकानातच तेल चोपडून, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून घ्यावं. पावसाळ्यात हे विसरून चालत नाही.

घरी आल्यावरचं पहिलं काम अनेकांना पटत नाही. ब्लॉक साबणानं धुवायचा. होनिंगच्या दगडाचे बारीक कण जाळीच्या रेघांत रुतलेले असतात. डिझेल किंवा रॉकेलनं धुतलं की तेल निघतं, पण कण तिथेच राहतात आणि नव्या रिंगा पहिल्याच दिवशी खरवडतात. गरम पाणी, कपड्यांचा साबण आणि ब्रश घेऊन घासत राहायचं. पांढरं फडकं बोअरवर फिरवून पांढरंच निघेल तेव्हा थांबायचं, लगेच कोरडं करून तेल लावायचं. तेलाच्या वाटांचे प्लग काढून आतून ब्रश फिरवायचा. हे काम दुकानानं केलेलं असलं तरी घरी पुन्हा करायचं.

जोडताना प्रत्येक नवी रिंग आपापल्या बोअरमध्ये घालून गॅप पाहायची. पुस्तक हाताशी नसेल तर व्यासाच्या दर इंचाला सुमारे चार थाऊ, म्हणजे साडेतीन इंची बोअरला ०.३५ मिमीच्या आसपास, हा ढोबळ अंदाज. गॅप कमी असेल तर कानशीनं वाढवता येते. जास्त असेल तर रिंग किंवा बोअर, दोहोंपैकी एकाचं माप चुकलंय, आणि दुकानात परत जायची वेळ हीच. बेअरिंगची मोकळी जागा प्लास्टिगेजच्या धाग्यानं तपासता येते. धागा जर्नलवर ठेवून कॅप टॉर्कनं आवळायची, पुन्हा खोलायची आणि चपट्या झालेल्या धाग्याची रुंदी पाकिटावरच्या पट्टीशी ताडून पाहायची. दुकानानं लिहून दिलेले आकडे खरे आहेत का, याची ही घरची तपासणी. हाताच्या अंदाजानं बोल्ट आवळणाऱ्या जुन्या मिस्त्रींबद्दल आदर असावा, पण हेडला टॉर्क पानाच लावावा.

इंजिन चालू झाल्यावर घरातली माणसं जमतात, नारळ फुटतो आणि गाडी तासभर नुसती उभी चालू ठेवली जाते. रिंगांच्या दृष्टीनं हे वाईट. रिंग बोअरवर दाबली जाते ती जळणाऱ्या वायूच्या दाबानं, आणि बिनओझ्याच्या इंजिनात तो दाब फार कमी असतो. तेलाचा दाब आणि पाणी तपासून झालं की गाडी रस्त्यावर काढावी, कमी-जास्त वेगानं, मध्यम ओझ्यावर चालवावी, आणि पहिलं तेल काही शे किलोमीटरवरच बदलावं. भरून घाट चढणं मात्र थोडे दिवस पुढे ढकलावं. छाटणीच्या ऐन हंगामात हा सल्ला कुणी पाळत नाही. म्हणूनच इंजिनकाम पोळ्याच्या आत संपवणारा शहाणा.

हरसूलला काय हवं

गावात बोअरिंग मशीन यावं, असं अधूनमधून कुणीतरी बोलतं. मला ते पटत नाही. असं यंत्र रोजच्या कामावर जगतं, आणि त्यावरचा हातही रोजच्या कामानंच तयार होतो. हरसूल-पेठ पट्ट्यातल्या गाड्यांवर दोन्ही जगणार नाहीत. आठवड्यातून एकदा चालणाऱ्या मशीनवर ब्लॉक टाकण्यापेक्षा घाट ओलांडून रोज पाच ब्लॉक कापणाऱ्याकडे जाणं केव्हाही बरं.

हरसूलला हवं आहे ते त्याहून स्वस्त आहे. एक बोअर गेज, शून्य ते शंभर मिलिमीटर मोजणारा मायक्रोमीटरचा संच, एक मास्टर, खात्रीची सरळ पट्टी आणि टॉर्क पाना. एका गाडीवाल्यानं हे घेणं परवडत नाही, पण दहा जणांत ते सहज होतं, बचत गटालाही झेपतं. त्यांवरची मापं वाचणारी माणसंही आहेत. आयटीआयच्या ‘मेकॅनिक डिझेल’च्या एका वर्षात आणि ‘टर्नर’, ‘मशिनिस्ट’च्या दोन वर्षांत मुलांना मायक्रोमीटर धरायला शिकवतात. या भागातली आदिवासी मुलं ते शिकून सातपूर-अंबडला नोकरीला जातात आणि मोजायची विद्या कारखान्यातच ठेवून सुटीला घरी येतात.

त्यांनी सुटीत एक काम करावं. गावातल्या खोललेल्या इंजिनाची चोवीस मापं घेऊन कागदावर लिहून द्यावीत. नाशिकला ब्लॉक नेणाऱ्याच्या खिशात तो कागद असला, की दुकानदार मशीन सुरू करायच्या आधी स्वतःचा गेज बाहेर काढेल आणि दोघांचे आकडे जुळतात का ते पाहील. जुळले तर काम सुरू. नाही जुळले, तर काम सुरू होण्याआधीच कळलं, आणि पैसे अजून गाडीवाल्याच्याच खिशात आहेत.